गणिताला ‘नको’ म्हणणाऱ्या मुलाला घरी शिकवताना सुरुवात कुठून करावी

माझी लेक सहा वर्षांची असताना आम्ही तिला घरीच शिकवायचं ठरवलं. गोष्टी, चित्रं, वाचन, झाडांची नावं, सगळं तिनं आवडीनं उचललं. गणिताची वही काढली की मात्र ती टेबलाखाली जाऊन बसायची. मी एकामागून एक तीन वर्कबुकं आणली, एका ॲपचे वर्षाचे पैसे भरले. तिन्ही वर्कबुकांची पहिली चार-चार पानं भरली, बाकीची आजही कोरी आहेत.

आम्ही ऐरोलीत राहतो. ठाणे-नवी मुंबईत मुलांना घरी शिकवणारे आईबाप आता अधूनमधून भेटतात, आणि नवीन मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘गणितासाठी कोणती पद्धत घेऊ?’ मला वाटतं, पद्धत नंतर घ्यावी. आधी मूल नेमकं कशाला ‘नको’ म्हणतंय ते शोधावं. मोजणं, संख्यांची नावं, आकडे लिहिणं, पान भरण्याचा कंटाळा, चुकण्याची धास्ती या सगळ्याला आपण ‘गणित’ म्हणतो. मुलाचा नकार बहुधा यांतल्या एखाद-दुसऱ्या गोष्टीलाच असतो.

पहिले पंधरा दिवस वही मिटून ठेवा

हे आईबापांना सर्वांत जड जातं. मुलाचं नुकसान होतंय असं वाटत राहतं. पण ज्या मुलाला आकडा दिसताच रडू येतं, त्याच्या मनात आधी ती धास्ती विरायला हवी. या दिवसांत गणिताचा शब्द काढू नका, फक्त पाहा. एक छोटी डायरी स्वयंपाकघरात ठेवा आणि मूल आपणहून कुठे मोजतं, वाटतं, तुलना करतं ते लिहा.

माझ्या डायरीत पहिल्याच आठवड्यात एक नोंद आहे. घरी तीन भावंडं जमली होती आणि ताटलीत चौदा काजूकतल्या होत्या. लेकीनं एकेक करत तिघांसमोर ठेवल्या. प्रत्येकाला चार आल्या, दोन उरल्या. ‘या दोन भांडण होईल म्हणून आजीला,’ असं म्हणून तिनं ताटली आत नेली. हा बाकी उरणारा भागाकार होता, आणि तिला बेरजेचंही पान नको होतं. ती नोंद वाचली तेव्हा माझी घालमेल बरीच कमी झाली.

मग गाठ कुठे आहे ते पाहा

चिंचोके, राजमा किंवा बटणं घ्या. खालच्या पाच गोष्टी पाच वेगवेगळ्या दिवशी, खेळता खेळता करून बघा. परीक्षेचा सूर नको, ‘शाब्बास’ नको आणि ‘अगं, असं कसं?’ तर नकोच.

वीसेक चिंचोके मोजायला द्या. मूल मोजून थांबलं की विचारा, ‘मग किती आहेत?’ ते पुन्हा एकपासून मोजायला लागलं, तर मोजणी अजून त्याच्यासाठी श्लोकासारखी पाठ आहे. शेवटचा आकडा म्हणजे सगळे मिळून किती, हे बसलेलं नाही. दुसऱ्या दिवशी मुठीत तीन किंवा चार चिंचोके घेऊन क्षणभर दाखवा आणि झाका. न मोजता सांगता येतं का? तिसऱ्या दिवशी आठ चिंचोके मुलाकडूनच मोजून घ्या, त्यातले तीन वाटीखाली झाका आणि विचारा, ‘वाटीखाली किती?’ चौथ्या दिवशी एक संख्या तोंडी सांगा. ती आधी वस्तू मांडून दाखवायची, मग लिहायची. पाचव्या दिवशी ३८ आणि ८३ लिहून दाखवा आणि कोणती मोठी ते विचारा.

पहिल्या तिन्हींत लेक सहज पुढे गेली. चौथ्या दिवशी मी ‘बावन्न’ म्हटलं आणि तिनं २५ लिहिलं. ‘चौतीस’ म्हटलं तर ४३. माझा चेहरा बघून तिनं पेन्सिल खाली ठेवली आणि टेबलाखाली गेली. तिची गाठ मोजण्यात नव्हतीच. ती नावांत होती, आणि माझ्या चेहऱ्यातही.

मूल पहिल्या दोन-तीन गोष्टींतच अडत असेल, तर काही महिने फक्त वस्तू मोजणं, वाटणं, लपवणं एवढंच करा. डोळे आणि कान एकदा तपासून घ्या. वर्षभर नियमित, न रागावता शिकवूनही आठव्या वर्षाच्या आसपास लहान संख्यांचाच अंदाज येत नसेल, तर विकासात्मक बालरोगतज्ज्ञांना दाखवा. डिसकॅल्क्युलिया नावाची खरी अडचण असते आणि ती आळशीपणातून येत नाही.

मराठी संख्यानावांची अडचण

ज्यांची मुलं ‘हुशार आहे, पण उलटे आकडे लिहितं’ या प्रकारात बसतात, त्यांनी इथे थोडं थांबावं. आपण ‘बावन्न’ म्हणतो तेव्हा तोंडातून आधी ‘दोन’ बाहेर पडतो आणि मग ‘पन्नास’. लिहिताना मात्र आधी पाच लिहायचा, मग दोन. मूल ऐकलं त्याच क्रमानं लिहितं, म्हणजे प्रामाणिकपणे लिहितं. त्यात हा ‘दोन’ दर वेळी वेष बदलतो: बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. आपण मोठ्यांनी ही नावं इतक्या लहानपणी घोकली की त्यांतला गुंता आता दिसेनासा झालाय.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची रीत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता ते आठवत असेल. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी तेव्हा मुलांना जोडाक्षरी नावांचा होणारा त्रास समजावून सांगितला होता. जुनी नावं पुसून टाकलेली नव्हती, सोबत सोपी वाट दिली होती. त्या वादात मीही नाक मुरडलं होतं. लेकीचा २५ पाहिल्यावर मत बदललं. घरी दोन्ही नावं महिनोन्महिने जोडीनं चालू द्यावीत, असं मी आता ठामपणे सांगते.

यासाठी दहा रुपयांच्या नऊ-दहा नोटा आणि एक रुपयाची वीसेक नाणी पुरतात. दशक-एककाचं यापेक्षा चांगलं साहित्य मला कुठल्याही दुकानात दिसलेलं नाही, कारण याला बाहेरच्या जगात खरी किंमत आहे आणि मुलाला ते माहीत असतं. आमचा क्रम असा होता. पाच नोटा, दोन नाणी मांडायची. म्हणायचं ‘पन्नास आणि दोन’. लिहायचं ५२. आणि शेवटी मी, फक्त मी, म्हणायचं, ‘यालाच बावन्न म्हणतात.’ पहिले पंधरा दिवस ते नाव तिच्याकडून वदवून घ्यायचं नाही. सुरुवात तीस-चाळीसच्या घरातून करा. अकरा ते एकोणीस सर्वांत शेवटी घ्या, कारण ‘अकरा’, ‘बारा’ या नावांत दहा कुठे लपलाय ते मुलाला ऐकू येत नाही.

‘एकोण’चा दिवस मला स्पष्ट आठवतो. एकोणचाळीस म्हणजे चाळीसला एक कमी, एवढं मी सांगितलं. तिनं चार नोटा मांडल्या, त्यांच्याकडे बघत बसली आणि म्हणाली, ‘आई, यातून एक काढायचाय, पण सुटे कुठायत?’ मी एक नोट घेतली आणि दहा नाणी दिली. तिनं एक नाणं बाजूला सरकवलं, उरलेलं मोजलं: तीन नोटा, नऊ नाणी. मग ३९ लिहिलं. वजाबाकीत ‘उसना घेणं’ आपण ज्याला म्हणतो ते तिला त्या दुपारी स्वतःच सुचलं होतं. पुढे कित्येक महिन्यांनी ते कागदावर आलं तेव्हा तिला नवीन वाटलंच नाही. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हीच युक्ती चालते. नव्याण्णव तेवढा वेगळा, तो तसाच सांगून टाका.

मूल आधी इंग्रजी शाळेत गेलेलं असेल तर घरात ‘फिफ्टी टू’ आणि ‘बावन्न’ दोन्ही उडत असतात. लिहिण्यासाठी निदान सहा महिने एकच भाषा धरा. दुसरी भाजीवाल्याशी बोलताना आपोआप येते.

वस्तू, मग चित्र, मग आकडा

आता पद्धतीचं. बाजारात नावं पुष्कळ आहेत, पण लहान मुलांसाठीच्या चांगल्या पद्धतींचा गाभा बराचसा एक आहे. मूल आधी हातानं करतं, मग त्याचं चित्र काढतं आणि शेवटी चिन्ह वापरतं. जेरोम ब्रूनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात ही मांडणी केली आणि सिंगापूरच्या शाळांतल्या गणितपद्धतीनं ती जगभर नेली. माँटेसरीचे मणीही त्याच वाटेवरचे. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला, जो भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होता, महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, खडे, पानं यांवर बालवाड्या उभ्या केल्या. तेव्हा चिंचोके घेऊन बसणं म्हणजे ‘तात्पुरतं काहीतरी’ असं समजू नका.

कोणत्या मुलाला काय मानवतं याचा माझा अनुभव सांगते. हातानं सतत काहीतरी करणारं मूल असेल तर वस्तूंवरच जास्त दिवस राहा. शंभर मण्यांची माळ घरीच ओवा, दहा एका रंगाचे, दहा दुसऱ्या. दिल्लीच्या जोडो ज्ञान संस्थेची गणितमाळ अशीच असते. गोष्टीवेल्हाळ मूल असेल तर प्रत्येक गणिताची गोष्ट करा, आणि मुलाला तुमच्यासाठी गोष्ट रचू द्या. नीटनेटकं, पान पूर्ण झाल्याचं समाधान हवं असणारं मूल असेल तर बालभारतीचं पहिली-दुसरीचं पुस्तक खुशाल घ्या. बालभारतीच्या संकेतस्थळावर ते फुकट उतरवता येतं. रोज अर्धं पान. आणि ज्याला सध्या काहीच नको, त्याला थोडे महिने नुसते खेळ द्या. अमेरिकेत मँचेस्टर गावच्या शाळांचे प्रमुख एल. पी. बेनेझेट यांनी १९२९ पासून काही वर्गांत औपचारिक अंकगणित सहावीपर्यंत पुढे ढकललं होतं. त्याऐवजी मुलं बोलायची, अंदाज करायची, मोजमाप करायची. पुढे ती मुलं मागे पडली नाहीत, असं त्यांनी १९३५-३६ मध्ये लिहून ठेवलंय. मी इतकी वर्षं थांबा म्हणणार नाही, पण सहा महिन्यांनी आभाळ कोसळत नाही एवढं त्यातून घ्यावं.

पहिल्या महिन्यात किट, ॲप, क्लास यांवर पैसे घालू नका. अबॅकसचा क्लास तर या वयात आणि या मन:स्थितीत नकोच. तिथे वेगाला मान असतो आणि तुमच्या मुलाला आत्ता सवडीची गरज आहे.

जमिनीवरची ट्रान्सहार्बर

संख्यारेषा हा पुस्तकातला सर्वांत कोरडा प्रकार, आणि आपल्या भागात तो सर्वांत जिवंत करता येतो. ठाण्याच्या नऊ-दहा नंबर फलाटावरून सुटणारी, ट्रान्सहार्बर मार्गावरची वाशी लोकल घ्या. खडूनं हॉलमध्ये सरळ रेघ ओढा आणि स्टेशनं लिहा: ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. ठाण्याखाली शून्य आणि वाशीखाली आठ लिहा.

आता मुलाला ऐरोलीवर उभं करा. ‘तीन स्टेशनं पुढे जा.’ लेकीनं पहिल्यांदा ऐरोलीवर पाय आपटून ‘एक’ म्हटलं, रबाळेला ‘दोन’ आणि घणसोलीला ‘तीन’. पुष्कळ मुलं अशीच मोजतात, सापशिडीतही उभ्या घरापासूनच सुरू करतात. मी चूक म्हटलं नाही. ‘गाडी सुटलीच नाही, मग पहिलं स्टेशन कसं आलं?’ एवढंच विचारलं. ती थांबली, हसली, आणि पुढच्या वेळी उडी मारल्यावरच ‘एक’ म्हणाली. मोजायच्या असतात त्या उड्या, स्टेशनं नव्हेत, हे तिच्या पायांना कळलं. नंतर फूटपट्टी हातात आली तेव्हा तिनं आपणहून टोक शून्यावर ठेवलं, ‘ठाण्यावर’.

आजोबांनी त्यात भर घातली. ‘ठाण्याहून वाशी सातवं,’ ते म्हणाले. ती म्हणाली आठवं. दोघंही बरोबर होती, कारण दिघा गाव २०२४ मध्ये सुरू झालं, त्याआधी ठाण्यानंतर थेट ऐरोली यायचं. मध्ये एक आलं की पुढच्या सगळ्यांचा नंबर एकानं वाढतो, यावर त्या दोघांची अर्धा तास चर्चा झाली. मी मुकाट्यानं भाजी निवडत होते. ऐरोलीहून सानपाड्याला गेलो की किती, सानपाड्याहून परत घरी किती, हे ती हल्ली खऱ्या गाडीत विचारते.

घरातल्या मोठ्यांना काम द्या

आजी-आजोबांना ‘पाढे म्हणून दाखव’ची सवय असते आणि नाराज मूल तिथेच बिथरतं. त्यांना गप्प बसवू नका, दुसरं काम द्या. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे त्यांच्या पिढीनं पाठ केलेले असतात. त्यांच्या तोंडून ते गाण्यासारखे ऐकू द्या, पाठांतराची सक्ती नको. भाकरीची अर्धी, चतकोर त्यांनीच मोडून द्यावी. घड्याळ त्यांच्याकडे सोपवा. ‘सव्वापाच’, ‘पावणेसहा’ यांत अपूर्णांक दडलेला आहे, आणि ‘पावणे’ म्हणजे पाव कमी, हे ‘एकोण’चंच भावंड आहे. कवड्यांचा अष्टाचम्मा येत असेल तर फारच छान: चारही उताण्या पडल्या तर चार, चारही उपड्या पडल्या तर आठ. मूल काही दिवसांत कवड्या न मोजता नजरेनं दान सांगायला लागतं.

रोजचा वेळ आणि आपलं तोंड

बसून करायचं काम दहा मिनिटं, फार तर पंधरा. नाश्त्यानंतर, रोज त्याच जागी. मूल रंगात आलेलं असतानाच थांबवा, म्हणजे उद्या ते स्वतः येतं. बाकीचं बाजारात, गाडीत, स्वयंपाकघरात होतं. संध्याकाळी दमलेल्या मुलाला बसवू नका, आणि तुम्ही दमला असाल तेव्हाही नको.

उत्तर चुकलं तर ‘कसं काढलंस, मला दाखव ना’ म्हणा. बरोबर आलं तरीही तेच म्हणा, नाहीतर प्रश्न विचारला म्हणजे आपलं चुकलं असं मुलाला समजतं. रडू फुटलं तर वाद न घालता एक अगदी सोपं गणित एकत्र करा आणि उठा. ‘मलाही लहानपणी गणित जमायचं नाही’ हे वाक्य मी धीर द्यायला वापरायचे. ते बंद करा. मूल त्यातून परवानगी घेतं.

कागदावर येताना

वस्तूंनी दहा दिवस सलग जमलं की चित्र आणा. सात चिंचोके म्हणजे सात ठिपके, दहाची जुडी म्हणजे उभी रेघ. चित्र काढून आलेलं उत्तर हे पूर्ण गणित आहे, ते ‘कच्चं’ समजू नका. मग चौकटीची वही घ्या, एका चौकटीत एकच आकडा, दिवसाला पाच गणितं. त्यातली तीन नक्की येणारी असू द्या.

‘हातचा’ शिकवताना पुन्हा नाणी काढा. सत्तावीस आणि पंधरा: सात नाणी आणि पाच नाणी मिळून बारा झाली. दहा नाणी दिली की बँकेतून एक नोट मिळते, दोन नाणी उरतात. ती नोट नोटांच्या रांगेत जाते. वहीत दशकाच्या डोक्यावर लिहिलेला एक म्हणजे ही नोट. मांडणी आणि वही शेजारी शेजारी ठेवून आठवडाभर करा, मग नाणी मूलच बाजूला सारतं.

वजाबाकीचे दोन अर्थ वेगवेगळे घ्या. नऊ लाडूंतले चार खाल्ले, हा एक. ताईकडे नऊ, माझ्याकडे चार, तर किती जास्त, हा दुसरा. दुसऱ्यात काहीच कमी होत नाही, म्हणून मुलं तिथे अडतात. दोन रांगा समोरासमोर मांडल्या की दिसतं.

कागदपत्रांचं थोडक्यात

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, ६ ते १४ वयासाठी. मुलाला शाळेत घालणं हे त्यात पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण न घातल्यास पालकांना दंडाची तरतूद त्या कायद्यात नाही. घरी शिकवण्यासाठी वेगळी नोंदणीही नाही. उद्या शाळेत परतायचं ठरलं तर कलम ४ प्रमाणे वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो. दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयीन शिक्षण संस्थेचा मार्ग आहे. म्हणून आत्तापासून एक फाइल ठेवा: तारीख घातलेली वहीची पानं, मांडणीचे फोटो आणि ती स्वयंपाकघरातली डायरी.

पद्धत कधी बदलायची

निदान सहा आठवडे एकच वाट धरा. पहिल्या आठवड्यातल्या कुरकुरीवरून निर्णय घेऊ नका. सहा आठवड्यांनी चिंचोके काढा आणि त्याच पाच गोष्टी पुन्हा पाच दिवसांत करून बघा. डायरीत जुन्या नोंदीशेजारी नवी तारीख घाला. एखादी गाठ सुटली असेल तर तिथली मांडणी बंद करून पुढे जा. सगळ्याच जागच्या जागी असतील आणि मूल अजून टेबलाखाली जात असेल, तर साहित्य बदला, वेळ बदला, शिकवणारं माणूसही बदलून पाहा. आमच्याकडे मार्च महिन्यात मी बाजूला झाले आणि दोन महिने बाबांनी घेतलं. मे महिन्यात मी पुन्हा ‘बावन्न’ म्हटलं, तर तिनं आधी पाच लिहिला, थांबून माझ्याकडे पाहिलं, आणि मग दोन लिहिला.